विश्लेषण : वालचंदनगर टिकले, ‘पद्मिनी’ का संपली? बारामती-इंदापूरसाठी धडा काय?

इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनीच मुंबईत ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ उभी केली. एकेकाळी जिच्या गाडीसाठी वर्षानुवर्षे रांग लागायची, ती कंपनी आज मोटार बाजारात नाही. वालचंदनगरच्या कारखान्यात मात्र अवकाश आणि अणुऊर्जा क्षेत्रासाठी काम होते. एकाच संस्थापकाच्या दोन उद्योगांचे भवितव्य इतके वेगळे का झाले?

सध्या हा विषय का?

मुंबईतील ‘प्रीमियर पद्मिनी’ची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तिची मुदत संपली आणि पद्मिनी टॅक्सी शहरातून अधिकृतपणे बाद झाली. तेव्हा समाजमाध्यमांवर आठवणींचा पूर आला. मात्र पद्मिनी बनवणारी कंपनी त्याआधीच, २०२१ मध्ये, दिवाळखोरी प्रक्रियेत गेली होती, याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

बारामती-इंदापूरसाठी हा केवळ आठवणींचा विषय नाही. बारामती एमआयडीसीत आज ‘पियाजिओ’च्या तीनचाकी आणि दुचाकी बनतात, ‘भारत फोर्ज’चा कारखाना आहे. त्यांच्याभोवती सुटे भाग पुरवणारे, वाहतूकदार, कंत्राटी कामगार, खानावळी आणि भाड्याच्या खोल्या असे मोठे अर्थचक्र फिरते. वाहन उद्योग डिझेल-पेट्रोलकडून विजेकडे वळत असताना एक मोठी वाहन कंपनी नेमकी कशामुळे संपते, हे समजून घेणे या भागासाठी रोजगाराशी थेट जोडलेले आहे.

वालचंद आणि इंदापूर यांचे नाते काय?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घरचा व्यापार-सावकारीचा व्यवसाय सोडून ते लक्ष्मण बळवंत फाटक यांच्यासोबत रेल्वेच्या कंत्राटांत उतरले. पुढे ‘सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन’ ही जहाज कंपनी आली. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. त्या दिवसाची आठवण म्हणून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

इंदापूरशी संबंध आला तो पाण्यामुळे. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकात सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ऊस शक्य झाला. १९३० च्या दशकात वालचंद यांनी कळंब परिसरात मोठी शेती आणि साखर कारखाना उभारला. माळरानावर कामगारांची घरे, शाळा, दवाखाना असलेली वसाहत झाली. तेच वालचंदनगर.

त्या काळात सरकारने साखर उद्योगाला १९३२ च्या कायद्याने आयातीपासून संरक्षण दिले होते. त्याचा फायदा देशभरातील नव्या कारखान्यांना झाला. हे संरक्षण १९५० मध्ये काढून घेण्यात आले. मोटार उद्योगाची पुढची कहाणी समजून घेताना हा मुद्दा लक्षात ठेवायला हवा. संरक्षण मिळणे आणि ते कधीच न संपणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोटार कारखान्याला ब्रिटिश सरकारचा विरोध का होता?

भारतात मोटारी तेव्हाही जोडल्या जात होत्या. अमेरिकी ‘जनरल मोटर्स’ने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणी केंद्र सुरू केले, पाठोपाठ ‘फोर्ड’ आली. पण सुटे भाग बाहेरून पेट्यांमध्ये यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. मोटार भारतात ‘बनवावी’ ही योजना अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३० च्या दशकात मांडली. त्यासाठी त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा केला. वालचंद यांनी ही योजना उचलून धरली आणि मुंबई प्रांतातील काँग्रेस मंत्रिमंडळानेही पाठिंबा दर्शवला.

दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १९३९ च्या अखेरीस प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. वालचंद अमेरिकेत गेले. फोर्डशी जमले नाही, ‘क्रायस्लर’शी १९४० मध्ये करार झाला. पण केंद्रातील ब्रिटिश सरकारने साथ दिली नाही. लष्कराला वाहनांची प्रचंड गरज असतानाही नव्या भारतीय कारखान्याला मागणीची हमी द्यायला ते तयार नव्हते. म्हैसूर संस्थानात कारखाना काढण्याचा प्रयत्नही याच कारणाने अडला.

याच प्रवासात अमेरिकी विमान व्यावसायिक विल्यम पॉली यांची भेट झाली आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरुला ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ सुरू झाली. आजची ‘एचएएल’ ती हीच. म्हणजे विमानाचा कारखाना आधी झाला आणि मोटारीचा मागे राहिला. ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स’ची नोंदणी १९४४ मध्ये झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लर समूहाच्या डॉज, डिसोटो आणि प्लायमाउथ गाड्या बाहेर पडू लागल्या.

‘फियाट’ची ‘पद्मिनी’ कशी झाली?

मोठ्या अमेरिकी गाड्या भारतीय खिशाला परवडणाऱ्या नव्हत्या. त्यामुळे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रीमियरने इटलीच्या ‘फियाट’चा परवाना घेतला. वालचंद यांचे ८ एप्रिल १९५३ रोजी निधन झाले आणि धाकटे बंधू लालचंद यांच्याकडे सूत्रे गेली. याच सुमारास केंद्र सरकारने ठरवले की ज्यांच्याकडे भारतात भाग बनवण्याचा आराखडा नाही, त्यांनी जोडणी बंद करावी. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. मोटारींच्या बाजारात तीन मुख्य नावे उरली. कोलकात्याजवळ ब्रिटिश ‘मॉरिस’च्या आराखड्यावर गाडी बनवणारी ‘हिंदुस्थान मोटर्स’, मद्रासमध्ये ब्रिटिश ‘स्टँडर्ड’ची भारतीय कंपनी आणि मुंबईत प्रीमियर.

‘फियाट ११००’चे ‘डिलाइट’ मॉडेल १९६४ मध्ये आले. हळूहळू बहुतेक भाग भारतातच बनू लागले आणि १९७० च्या दशकात फियाटचे नाव जाऊन गाडी आधी ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. चार सिलिंडरचे १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलीत ११०० मालिकेचे उत्पादन १९६९ मध्ये बंद झाले. भारतात तीच गाडी त्यानंतर ३० वर्षे बनत राहिली.

टॅक्सीवाल्यांनी तिच्यावर जीव लावला, त्याला कारणे होती. अरुंद गल्लीत वळणारी बांधणी, कोणत्याही नाक्यावरच्या मेकॅनिकला कळणारे इंजिन आणि कुठेही मिळणारे सुटे भाग. या गोष्टी खऱ्याच होत्या. पण गाडी लोकप्रिय असणे आणि ग्राहकाला दुसरा पर्याय नसणे, यातला फरक १९८३ पर्यंत तपासलाच गेला नाही.

दोष कंपनीचा की ‘लायसन्स राज’चा?

दोघांचाही. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा. १९७० च्या दशकात संपूर्ण देशात वर्षाला ५० हजारही मोटारी बनत नव्हत्या आणि त्यात तीन कंपन्या वाटेकरी होत्या. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या किमतीही ठरवून दिल्या. त्याविरोधात प्रीमियर सर्वोच्च न्यायालयात गेली, १९७१ मध्ये निकाल लागला. मोटार ही चैनीची वस्तू मानली जात असल्याने करही जबर होते.

वाहन उद्योगाचे गणित इथे समजून घ्यावे लागते. नव्या मॉडेलचा पत्रा दाबण्याच्या साच्यांवर, इंजिन बनवण्याच्या यंत्रांवर मोठा खर्च होतो आणि तो लाखो गाड्यांवर विभागला तरच परवडतो. वर्षाला १५-२० हजार गाड्या विकणाऱ्या कंपनीला हा खर्च झेपत नाही. त्यामुळे जुनेच साचे झिजेपर्यंत वापरायचे, हा त्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा व्यावसायिक निर्णय ठरत होता.

पण कंपनीची जबाबदारी इथे संपत नाही. नोंदणी करून ग्राहक वर्षानुवर्षे थांबत होता. आगाऊ पैसे जमा होत होते आणि गाडी बाहेर पडताच जास्त भावाने विकली जात होती. अशा बाजारात विक्री विभागाला ग्राहकाची तक्रार ऐकण्याचे आणि अभियंत्याला नवा आराखडा काढण्याचे कारण उरत नाही. प्रीमियरला गाडी ‘बनवता’ येत होती. नवी गाडी ‘घडवण्याची’ सवय तिला लागली नाही.

मारुती आल्यावर काय झाले?

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची चावी ग्राहकाच्या हाती पडली. ७९६ सीसीचे छोटे इंजिन, पुढच्या चाकांना गती देणारी रचना, कमी इंधनात जास्त अंतर. तिच्यासमोर पद्मिनी एका दिवसात म्हातारी दिसू लागली. सुझुकीच्या भागीदारीतील या सरकारी कंपनीने फक्त गाडी आणली नाही. पुरवठादारांना वेळेत आणि ठरलेल्या दर्जाचा भाग देण्याची शिस्तही आणली.

प्रीमियरने उत्तर दिले, पण प्रत्येक वेळी बाहेरून घेतलेले. १९८५ मध्ये ‘११८ एनई’ आली. तिचा सांगाडा फियाटच्या १९६० च्या दशकातील ‘१२४’चा आणि इंजिन जपानच्या निस्सानचे. उदारीकरणानंतर फ्रान्सच्या ‘प्युजो’शी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात ‘३०९’ बनवली गेली. फियाटशी पुन्हा हातमिळवणी करून १९९६ मध्ये ‘उनो’ आणली. उनोच्या नोंदणीचा आकडा दोन लाखांच्या पुढे गेला, पण कामगार संघर्ष आणि विस्कळीत उत्पादनामुळे गाड्या वेळेत देता आल्या नाहीत. कंपनीतील कामगार संघटनेचे नेतृत्व डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे होते आणि व्यवस्थापनाशी तणाव जुना होता. जानेवारी १९९७ मध्ये डॉ. सामंत यांची हत्या झाली.

प्युजो काही वर्षांतच बाहेर पडली. कुर्ल्याच्या कारखान्याचा ताबा फियाटकडे गेला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर पद्मिनी बंद झाली. कुर्ल्यात आज ‘प्रीमियर रोड’ हे नाव तेवढे उरले आहे. कंपनीने चिंचवडमध्ये सीएनसी यंत्रे बनवणे सुरू ठेवले आणि २००९ मध्ये ‘रिओ’ या छोट्या एसयूव्हीने पुनरागमनाचा प्रयत्न केला. पण ती गाडीही चीनच्या ‘झोत्ये’कडून घेतलेली होती आणि झोत्येची गाडी मुळात जपानी ‘दाइहात्सू’च्या जुन्या गाडीवर बेतलेली. उसनवारीची ही साखळी तिथे संपली.

ब्रिटनमध्ये तर स्पर्धा होती, तिथल्या कंपन्या का बुडाल्या?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण सगळा दोष ‘लायसन्स राज’वर ढकलण्याची पळवाट तो बंद करतो. प्रीमियरने कल्याणमध्ये बनवलेल्या ‘प्युजो ३०९’ची जन्मकथा इथे उपयोगी पडते. या गाडीचा आराखडा मूळचा प्युजोचा नव्हता. तो ‘टॅल्बॉट’ या नावासाठी, इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या अभियंत्यांच्या सहभागाने तयार झाला होता. हे अभियंते ‘रूट्स’ या जुन्या ब्रिटिश समूहाचे वारसदार.

हिलमन, हंबर, सनबीम, टॅल्बॉट अशी अनेक नावे एकत्र करून रूट्स बंधूंनी हा समूह वाढवला होता. १९४९ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि पुढे भांडुपमध्ये ‘लॅम्ब्रेटा’ स्कूटर बनवणाऱ्या ‘ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया’ची सुरुवातही रूट्सनेच केली. या समूहाने १९६३ मध्ये ‘हिलमन इम्प’ या छोट्या गाडीसाठी स्कॉटलंडमध्ये लिनवूडला नवा कारखाना काढला. गाडी पुरती तयार होण्याआधीच बाजारात आली, बिघाडांमुळे नाव खराब झाले. भाग शेकडो किलोमीटरवरून न्यावे-आणावे लागत होते आणि संपही वारंवार होत होते. १९६७ मध्ये रूट्स क्रायस्लरच्या ताब्यात गेली. क्रायस्लरने १९७८ मध्ये युरोपातील व्यवसाय प्युजोला विकला. कॉव्हेंट्रीजवळचा रायटनचा कारखानाही २००६ मध्ये बंद झाला.

अ‍ॅम्बॅसेडरची मूळ कंपनी मॉरिस हिचेही असेच झाले. विलीनीकरणातून १९६८ मध्ये ‘ब्रिटिश लेलँड’ तयार झाली, १९७५ मध्ये सरकारला ती ताब्यात घ्यावी लागली आणि तिचा शेवटचा मोठा अवशेष ‘एमजी रोव्हर’ एप्रिल २००५ मध्ये बंद पडला. आज भारतात दिसणाऱ्या ‘एमजी’ गाड्यांवरचे नाव ब्रिटिश आहे, पण ते चिनी कंपनीच्या मालकीचे आहे.

या कंपन्यांकडे उत्तम अभियंते होते. १९५९ ची ‘मिनी’ ही जगभर गाजलेली गाडी त्यांनीच घडवली. तरीही दर्जाकडे दुर्लक्ष, कामगार-व्यवस्थापन संघर्ष आणि अपुरी गुंतवणूक यांनी त्या बुडाल्या. म्हणजे आराखडा स्वतःचा असणे ही पहिली अट आहे, एकमेव अट नाही. उलट, बंद बाजारात जुना आराखडाही दीर्घायुषी होतो. रूट्सची ‘हिलमन हंटर’ इराणमध्ये ‘पैकान’ नावाने १९६७ पासून २००५ पर्यंत बनत राहिली. इराणची पैकान आणि मुंबईची पद्मिनी एकाच कारणाने जगल्या.

मग पुण्यातील इतर कंपन्या कशा टिकल्या?

‘लायसन्स राज’ सगळ्यांसाठी होते. ‘बजाज ऑटो’नेही पियाजिओच्या परवान्यावर ‘व्हेस्पा’ बनवली. परवाना १९७१ मध्ये संपला आणि पुढच्या वर्षी त्याच घडणीची ‘चेतक’ आली. चेतकसाठीही वर्षानुवर्षांची रांग होती. पण बजाजने कावासाकीसोबत मोटारसायकली शिकून घेतल्या आणि २००१ मध्ये स्वतःची ‘पल्सर’ आणली. ज्या चेतकने कंपनी मोठी केली, ती बंद करण्याची हिंमतही दाखवली.

‘टेल्को’ म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा जर्मनीच्या ‘डायमलर-बेंझ’शी करार १९५४ ते १९६९ असा होता. करार संपण्याआधीच, १९६६ मध्ये, कंपनीने पुण्यात स्वतःचे अभियांत्रिकी संशोधन केंद्र सुरू केले. पुढे १९८६ ची ‘४०७’ आणि १९९८ ची ‘इंडिका’ आली.

खुद्द वालचंदनगरनेही हेच केले. साखरेच्या जोडीने तिथे यंत्रनिर्मिती वाढली. आधी साखर कारखान्यांची यंत्रे, मग सिमेंट प्रकल्प, बॉयलर, पुढे अणुऊर्जा प्रकल्पांची उपकरणे आणि ‘इस्रो’च्या प्रक्षेपकांच्या घन इंधन मोटारींचे आवरण. वालचंदनगर इंडस्ट्रीजलाही आर्थिक ओढाताण चुकलेली नाही. पण तिथले ग्राहक प्रत्येक वेळी नवे, आधीपेक्षा कठीण काम घेऊन आले आणि त्या कामाने कारखान्याला शिकत ठेवले. प्रीमियरचा ग्राहक मात्र रांगेत उभा होता. तो काहीच मागू शकत नव्हता.

बारामती-इंदापूरने यातून काय घ्यावे?

बारामतीत पियाजिओ १९९० च्या दशकाअखेर ‘ग्रीव्हज’च्या भागीदारीत आली. खेड्यापाड्यात ‘अ‍ॅपे’ हे तीनचाकीचे जणू दुसरे नाव झाले. २०१२ मध्ये व्हेस्पाचा कारखानाही इथे सुरू झाला. कंपनीने विजेवर चालणारी तीनचाकीही बाजारात आणली आहे. आणि बदलाचा सर्वाधिक वेग याच वाहन प्रकारात आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये भारत विजेवरील तीनचाकींची जगातील सर्वांत मोठी बाजारपेठ ठरला. देशात विकल्या गेलेल्या तीनचाकींत निम्म्याहून अधिक विजेवर चालणाऱ्या होत्या.

विजेच्या वाहनाला पिस्टन, क्लच, सायलेन्सर लागत नाही. हे भाग बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराची मागणी त्याची चूक नसताना कमी होणार आहे. दुसरीकडे, बॅटरीतील सेल आणि मोटरमधील चुंबक यांसाठी देश अजून मुख्यतः चीनवर अवलंबून आहे. २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ खनिजांच्या चुंबकांवर निर्बंध आणताच भारतातील विद्युत वाहनांचे उत्पादन अडखळले. अनुदान, उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना, आयात शुल्क असे संरक्षण आजही आहे. प्रश्न तोच आहे, जो १९६० च्या दशकात कुर्ल्यात विचारायला हवा होता. या संरक्षणाच्या काळात इथे काय शिकले जात आहे?

बारामतीत कमलनयन बजाज यांच्या नावाचे, तर सांगली आणि सोलापुरात वालचंद यांच्या नावाचे अभियांत्रिकी शिक्षण देणारे महाविद्यालय आहे. या पट्ट्यातून दरवर्षी अभियंते बाहेर पडतात आणि बहुतेक चाकण, हिंजवडीची वाट धरतात. बारामती आणि लोणी देवकरच्या एमआयडीसीत केवळ शेड आणि भूखंड वाढवून हे चित्र बदलणार नाही. लहान पुरवठादारांना एकत्रितपणे वापरता येईल अशी चाचणी सुविधा, मोटर आणि नियंत्रक दुरुस्तीचे आयटीआय अभ्यासक्रम, महाविद्यालय आणि कारखाना यांच्यात प्रत्यक्ष भागांच्या आराखड्याचे काम, ही मागणी स्थानिक लोकप्रतिनिधी आणि उद्योजक संघटनांनी आताच लावून धरायला हवी. सध्याच्या मॉडेलची विक्री चांगली असताना हा खर्च अनावश्यक वाटतो. प्रीमियरलाही तो तसाच वाटला असणार.

पद्मिनी वाईट गाडी नव्हती. तिच्या कामगारांनी आणि अभियंत्यांनी परदेशी आराखड्यातला जवळपास प्रत्येक भाग भारतात बनवून दाखवला, ही त्या काळातील मोठी कामगिरी होती. पण त्यापुढचे पाऊल पडले नाही. वालचंद यांनी रेल्वे कंत्राटातून जहाजात, जहाजातून साखरेत आणि साखरेतून विमान-मोटारीत उडी घेतली होती. चालू धंदा जोरात असतानाच पुढचा शोधण्याची त्यांची ही सवय त्यांच्या मोटार कंपनीने सोडली. इंदापूर-बारामतीच्या औद्योगिक पट्ट्याला ती पुन्हा लावून घ्यावी लागेल आणि त्यासाठी हातात असलेला काळ फार मोठा नाही.